तंजावर पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामेश्वरच्या यात्रेत वाटेवरचे अर्ध्या दिवसाचे ठिकाण म्हणून बहुतेक मराठी मंडळी तंजावर उरकतात आणि परत आल्यावर "तिथे मराठी शिलालेख होता म्हणे, आम्हाला कोणी सांगितलेच नाही" अशी हळहळ व्यक्त करतात. अशा हळहळीतून आणि निघण्यापूर्वीच्या शंकांमधून जमा झालेले प्रश्न येथे दिले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा दिलेली नाही, त्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तंजावर नेमके कुठे आहे आणि महाराष्ट्रातून तिथे कसे पोहोचावे?

तंजावर तमिळनाडूमध्ये कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, भातशेतीच्या ऐन मध्यावर वसलेले आहे. गावाला विमानतळ नाही. सर्वांत जवळचा विमानतळ तिरुचिरापल्लीचा असून तो साधारण ६० किलोमीटरवर आहे, आणि तेथून बस व रेल्वे दोन्ही मिळतात. चेन्नईमार्गे येणाऱ्यांना एगमोर स्थानकावरून रात्री सुटणारी उळवन एक्स्प्रेस सोयीची पडते, कारण ती सकाळी तंजावरला पोहोचवते. रेल्वे स्थानकापासून मोठे मंदिर इतके जवळ आहे की सामान थोडे असेल तर चालतही जाता येते. फलकांवर आणि तिकिटांवर 'तंजावूर' हे नाव दिसेल. 'तंजावर' हे आपले मराठी रूप आहे.

२. किती दिवस ठेवावेत आणि कोणत्या दिवसांत जावे?

शहरासाठी दोन पूर्ण दिवस आणि आसपासच्या ठिकाणांसाठी (प्रश्न १६) तिसरा दिवस, हा हिशेब धरावा. एका दिवसात मंदिर आणि राजवाडा दोन्ही 'होतात', पण राजवाड्याच्या आवारात तीन-चार स्वतंत्र संग्रह असल्यामुळे शेवटचे दोन पळतच पाहावे लागतात. हवामानाच्या दृष्टीने जानेवारी आणि फेब्रुवारी हे महिने सर्वांत सुखाचे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तेथे ईशान्य मोसमी पाऊस पडतो, म्हणजे आपला पावसाळा संपला की त्यांचा सुरू होतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना हे हमखास आठवत नाही. एप्रिल-मेमध्ये जाणे टाळावे.

३. मोठ्या मंदिराच्या वेळा, तिकीट, पोशाख आणि छायाचित्रण यांचे नियम काय आहेत?

प्रवेशाला तिकीट नाही. दर्शन सकाळी सहा ते दुपारी साधारण साडेबारा आणि सायंकाळी चार ते साडेआठ या वेळांत होते. अंगणात आणि बाहेरून छायाचित्रे घेता येतात, गाभाऱ्याकडे घेता येत नाहीत. गुडघ्यापर्यंतच्या तोकड्या कपड्यांऐवजी साधे, अंग झाकणारे कपडे घालावेत. खरी अडचण वेगळीच आहे: चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि अंगणाची फरशी दगडी आहे. सकाळी अकरानंतर ती इतकी तापते की अंथरलेल्या पट्ट्या सोडून पाऊल टाकले की माणूस उड्या मारत सावलीकडे पळतो. जाड पायमोजे जवळ असू द्यावेत. शक्यतो सकाळी सहा वाजता जावे आणि सायंकाळी पुन्हा एकदा जावे. मावळतीचा प्रकाश विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराच्या, दगडावर पडतो तेव्हा त्याचा करडा रंग मधासारखा होतो, आणि त्या वेळी गावातली कुटुंबे मुलाबाळांसह अंगणात निवांत बसलेली असतात.

४. मंदिर भव्य आहे हे कळते, पण त्यात नेमके काय पाहायचे?

हे मंदिर पहिल्या राजराज चोळाने बांधवले. त्याच्या कारकिर्दीच्या २५व्या वर्षी, म्हणजे इ.स. १०१० मध्ये, ते पूर्ण झाले. तमिळ लोक त्याला 'पेरिय कोविल', म्हणजे मोठे मंदिर, म्हणतात. शिलालेखांत त्याचे नाव 'राजराजेश्वरम्' असे येते आणि 'बृहदीश्वर' हे नाव पुढच्या काळातले आहे. १९८७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आत शिरताना दोन चोळकालीन गोपुरे लागतात. पहिले पाच मजली केरळांतकन् आणि दुसरे तीन मजली राजराजन्. दक्षिणेतल्या इतर मंदिरांची सवय असलेल्या डोळ्यांना येथे एक गोष्ट उलटी वाटते, ती म्हणजे गोपुरे बुटकी आहेत आणि गाभाऱ्यावरचे विमान मात्र सुमारे ६६ मीटर उंच आहे. पुढच्या शतकांत गोपुरे वाढत गेली आणि विमाने लहान झाली, पण येथे सगळा जोर अजून देवाच्या डोक्यावरच आहे.

विमानाच्या पायाशी थांबून जोत्यावरचे तमिळ लेख पाहावेत. ते वाचता येणार नाहीत, तरी त्यांचा मजकूर ठाऊक असला की दगड बोलू लागतो. राजाने, त्याची बहीण कुंदवै हिने आणि राण्यांनी दिलेल्या मूर्ती, दागिने आणि जमिनी यांचे वजन-मापासह तपशील त्यांत आहेत. इतर देवळांतून आणलेल्या ४०० नर्तकींची नावे, त्यांची घरे कोणत्या ओळीत होती, हेही नोंदले आहे. हिशेबाची इतकी काळजी घेणारा राजा मराठी माणसाला जवळचा वाटावा.

एकाच दगडातला मोठा नंदी चोळांचा नसून मराठ्यांच्या आधी येथे राज्य करणाऱ्या नायक राजांच्या काळातला आहे. वायव्य कोपऱ्यातले सुब्रह्मण्याचे देऊळही नायकांचेच, आणि कोरीवकामाच्या नाजूकपणात ते मुख्य मंदिरालाही मागे टाकते, असे माझे मत आहे. गर्दी विमानाकडे पाहत असते, त्यामुळे हे देऊळ बहुधा रिकामे मिळते. गणपतीचे देऊळ तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी यांनी नव्याने बांधवले.

५. गाभाऱ्याभोवतीची चोळकालीन भित्तिचित्रे पाहता येतात का?

सामान्य प्रवाशाला येत नाहीत. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या, अरुंद प्रदक्षिणामार्गात नायककालीन चित्रांच्या थराखाली चोळकालीन चित्रे दडलेली आहेत, हे १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांच्या लक्षात आले. शिवाच्या त्रिपुरांतक रूपाचे चित्र आणि राजराज व त्याचे गुरू मानले जाणारे करुवूर देवर यांचे चित्र ही त्यांतली विशेष गाजलेली. वरच्या मजल्यावर नृत्यातल्या १०८ करणांपैकी, म्हणजे ठरावीक मुद्रांपैकी, ८१ करणे कोरलेली असून उरलेल्यांचे दगड कोरेच राहिले आहेत. तो मजलाही बंद असतो. आवारातल्या माहिती केंद्रात चित्रांच्या प्रतिकृती आहेत, त्यांवर समाधान मानावे लागते.

६. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही आणि शिखरावरचा दगड ८० टनांचा अखंड आहे, हे खरे का?

सावलीची गोष्ट खरी नाही. सकाळी किंवा सायंकाळी अंगणात उभे राहिले तर लांबलचक सावली समोर दिसते. दुपारी बाराला तरी ती पडत नसेल, असा युक्तिवाद होतो. तंजावरच्या अक्षांशावर सूर्य बरोबर माथ्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, एप्रिलच्या मध्यानंतर आणि ऑगस्टच्या अखेरीस. डिसेंबरमध्ये भर दुपारीही विमानाची सावली उत्तरेच्या अंगणात चांगली पंचवीस मीटर पसरते. माझ्या एका भेटीत वाटाड्या आम्हाला हीच कथा सांगत होता आणि उन्हाचा त्रास नको म्हणून आम्ही सगळे त्याच सावलीत उभे होतो.

शिखराचा घुमटाकार भाग अखंड दगडाचा असल्याचे सांगितले जाते, पण तो अनेक दगड जोडून केलेला आहे, असे वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. त्यामुळे कौतुक कमी होण्याचे कारण नाही. ग्रॅनाइटच्या शिळा साठ मीटरवर चढवून जुळवणे हे काही सोपे काम नव्हे.

७. विमानावर टोपी घातलेला एक युरोपीय माणूस कोरला आहे, तो कोण?

उत्तर बाजूला वर पाहिले तर गोल टोपी घातलेले एक मुंडके दिसते. 'चोळांनी इंग्रज येणार हे आधीच ओळखले होते' असे त्याविषयी ठासून सांगण्यात येते. दहाव्या-अकराव्या शतकातील शिल्पांशी त्याचे काहीही जुळत नाही. ते नंतरच्या काळातील भर आहे. १६२० मध्ये रघुनाथ नायकाने डॅनिश लोकांना तरंगंबाडी येथे व्यापारी ठाणे उभारू दिले आणि तेव्हापासून टोपीवाले तंजावरकरांच्या रोजच्या पाहण्यातले होते. ही भर त्या काळातली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

८. मराठी शिलालेख नेमका कुठे आहे आणि तो आपल्याला वाचता येतो का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. मुख्य मंदिराभोवतीच्या प्राकाराच्या नैऋत्य भागात, ओवरीच्या भिंतीवर हा लेख आहे. नंदीकडून विमानाच्या डाव्या बाजूने मागे चालत गेले की तो सापडतो. पहारेकऱ्याला 'मराठी कल्वेट्टु' एवढे दोन शब्द म्हटले तरी तो हात करून दिशा दाखवतो. तमिळमध्ये शिलालेखाला कल्वेट्टु म्हणतात.

दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये हा लेख कोरवला. त्यात भोसले घराण्याचा इतिहास, म्हणजे 'भोसलेवंशचरित्र', मराठी भाषेत आणि देवनागरी अक्षरांत दिलेला आहे. मोडी येत नसली तरी अडत नाही. मात्र पुस्तक वाचावे तसा तो वाचता येईल, ही अपेक्षा ठेवू नये. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हे नाहीत, वळण दोनशे वर्षांपूर्वीचे आहे आणि काही भाग झिजलेला आहे. एखाद्या ओळीवरून नजर सावकाश नेत राहिले की आधी 'राजे' सापडते, मग 'भोसले', मग एखाद्या किल्ल्याचे नाव, आणि त्यानंतर वाक्य हळूहळू उलगडते. लेख प्रचंड मोठा असल्यामुळे आरंभापासून शेवटपर्यंत वाचण्याचा हट्ट सोडून एखादा स्वच्छ भाग निवडावा. अक्षरांवरून बोट किंवा खडू फिरवू नये. सकाळचे तिरपे ऊन अक्षरे उठवून दाखवते, तेवढे पुरते.

मजकूर इतिहास म्हणून जसाच्या तसा स्वीकारू नये, हेही सांगितले पाहिजे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता आणि सरफोजीराजांच्या हाती किल्ला व मानमरातब एवढेच उरले होते. त्यानंतर चारच वर्षांनी त्यांनी आपल्या घराण्याची हकीकत चोळांच्या दगडावर खोदून ठेवली. त्या भिंतीसमोर उभे राहताना मला तरी मजकुरापेक्षा ही वेळ अधिक महत्त्वाची वाटते.

९. तंजावरला मराठे आले कसे? ते पेशव्यांचे राज्य होते का?

पेशव्यांचा या राज्याशी संबंध नव्हता. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे एकोजी, विजापूरकरांचे सरदार म्हणून दक्षिणेत होते. मदुरेच्या नायकांनी १६७३ मध्ये तंजावरच्या नायकांचा पाडाव केला. त्यांच्या गादीचा वारस पुन्हा बसवण्यासाठी विजापूरने व्यंकोजींना पाठवले आणि थोड्याच काळात ते स्वतःच राजे झाले. तेव्हापासून १८५५ पर्यंत भोसल्यांची ही शाखा तेथे नांदली. पहिले शहाजी, पहिले सरफोजी, तुकोजी, प्रतापसिंह, तुळजाजी, अमरसिंह, दुसरे सरफोजी आणि शेवटचे शिवाजी ही त्यांतली मुख्य नावे. शेवटच्या राजाला पुत्र नव्हता, म्हणून कंपनीने राज्य खालसा केले. मोठ्या मंदिरासह अनेक देवळांचे देवस्थान आजही या घराण्याच्या विश्वस्तपदाशी जोडलेले आहे.

एक सूचना येथेच करतो. तंजावर हे 'आपले' शहर होते, असे तिथे मोठ्याने बोलणे बरे दिसत नाही. चोळ, नायक आणि मराठे असे थर एकावर एक चढले, पण पाया तमिळ आहे. मराठी राजांनीही तेलुगू, तमिळ आणि संस्कृत यांना आपल्या दरबारात मराठीइतकाच मान दिला.

१०. शिवाजी महाराज स्वतः तंजावरला आले होते का? राजवाड्यात 'शिवाजी राजे' असे चित्र आहे, ते त्यांचेच ना?

दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ मध्ये, महाराज कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमळवाडी येथे मुक्कामाला होते. व्यंकोजी तेथे येऊन त्यांना भेटले. वडिलांच्या मिळकतीच्या वाट्याचा विषय निघाल्यावर ते एका रात्री गुपचूप नदी ओलांडून तंजावरला परतले. महाराज त्यांच्या पाठोपाठ शहरात गेले नाहीत. पुढे दोन्ही सैन्यांत लढाई झाली आणि नंतर समेट झाला. व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांचा त्या समेटात मोठा वाटा होता.

राजवाड्यातले 'शिवाजी राजे' हे तंजावरचे शेवटचे राजे, कारकीर्द १८३२ ते १८५५. शहाजी, शिवाजी, सरफोजी ही नावे घराण्यात फिरून फिरून आली आहेत, त्यामुळे नावाबरोबर सन वाचण्याची सवय लावावी. सरफोजी हे नाव तेथे 'शरभोजी' असे लिहिलेले दिसेल.

११. राजवाड्यात एकाच तिकिटात सगळे पाहता येते का? काय चुकवू नये?

आवार एक असले तरी कलादालन, सरस्वती महाल ग्रंथालयाचे संग्रहालय आणि राजघराण्याचे संग्रहालय यांची व्यवस्था वेगवेगळी आहे. तिकिटेही वेगळी पडतात आणि सुट्ट्यांचे दिवसही सारखे नसतात. निघण्यापूर्वी तेवढी चौकशी करावी.

राजवाड्याचा मूळ भाग नायकांचा असून मराठ्यांनी त्यात भर घातली. ज्यांना शनिवारवाड्याची किंवा कोल्हापूरच्या राजवाड्याची अपेक्षा असते ते पहिल्या चौकात थोडे निराश होतात, कारण काही भाग पडझडीचा आहे. तरी दोन जागा चुकवू नयेत. एक मराठा दरबार: जाड खांब, रंगवलेल्या कमानी आणि निळ्या-हिरव्या-लाल रंगांतली गचकारी. दुसरी म्हणजे देवळाच्या शिखरासारखा दिसणारा उंच मनोरा. देऊळ समजून लोक त्याला हात जोडतात, प्रत्यक्षात तेथे शस्त्रे ठेवली जात. तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर आलेल्या एका देवमाशाचा सांगाडाही राजवाड्यात आहे. मुलांना तोच सर्वांत जास्त आवडतो.

१२. कांस्यमूर्तींमधले काही कळत नाही. कलादालनात वेळ घालवावा का?

अवश्य घालवावा. शंभर मूर्ती पाहण्याऐवजी एकीसमोर दहा मिनिटे उभे राहावे. तिरुवेंगाडू येथे सापडलेली वृषवाहन शिवाची मूर्ती शोधावी. ती १०११ च्या सुमाराची आहे. शिव एक पाय दुसऱ्यावर तिरका टाकून उभा आहे, जटा पागोट्यासारख्या गुंडाळलेल्या आहेत आणि उजवा कोपर नंदीच्या पाठीवर टेकलेला आहे. नंदी मात्र आता नाही. हात हवेत टेकला आहे, आणि तरीही पाहणाऱ्याला बैलाच्या पाठीची उंची अचूक कळते. बाजूने जाऊन कंबरेचा बाक पाहावा. शेजारची पार्वतीची मूर्ती शिवाच्या मूर्तीपेक्षा एका वर्षाने धाकटी आहे. याच इमारतीत सरफोजीराजांचा पांढऱ्या संगमरवरातला पुतळाही आहे.

१३. सरस्वती महाल ग्रंथालय सामान्य माणसाला पाहता येते का? तिथे मराठीतले काय आहे?

हस्तलिखितांचे दालन अभ्यासकांसाठी असते, पण शेजारचे संग्रहालय सर्वांसाठी खुले आहे. या संग्रहाची सुरुवात नायकांच्या काळात झाली आणि त्याला खरे वैभव दुसऱ्या सरफोजीराजांनी आणले. १८२० मध्ये ते काशीयात्रेला निघाले ते दोन वर्षांनी परतले, आणि येताना हस्तलिखितेही घेऊन आले. आज तेथे ४९ हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. त्यांत बहुसंख्य संस्कृत असून मराठी तीन हजारांवर आहेत. मराठी राजांच्या दफ्तराचे मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, वेगळेच.

सरफोजीराजांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण संग्रहालयातल्या वस्तू त्यांच्या कुतूहलाच्या खुणा आहेत. माणसांच्या आणि जनावरांच्या चेहऱ्यांतले साम्य दाखवणारी फ्रेंच चित्रकार ल ब्रँ याची रेखाटने पाहून 'हे इथे कसे?' असा प्रश्न पडतो. हा राजा इंग्रजी शिकलेला होता आणि युरोपातून पुस्तके मागवत असे. त्याने धन्वंतरी महाल स्थापून औषधांचे प्रयोग करवले. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, ठेवलेल्या आहेत. पदरी देवनागरी छापखाना होता आणि त्यात १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बाळबोध मुक्तावळी' या नावाने छापले गेले. म्हणजे पेशवाई अजून पुण्यात नांदत होती, तेव्हा कावेरीकाठी मराठी मुलांचे पुस्तक छापून तयार होते.

१४. नृत्य-संगीत आणि नाटक यांच्याशी तंजावरचा संबंध सांगतात तो काय? त्याच्या खुणा कुठे दिसतात?

आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमात अलारिप्पु, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम् आणि तिल्लाना हा जो क्रम असतो, तो सरफोजीराजांच्या दरबारातल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार भावांनी बसवला. नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणेही सरफोजीराजांच्या नावावर आहेत. त्यांच्या आधी शंभर वर्षे पहिल्या शहाजीराजांनी 'लक्ष्मीनारायण कल्याण' यासारखी मराठी नाटके लिहिली. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. तिची परंपरा महाराष्ट्रात पोहोचली नाही, म्हणून भाव्यांचा मान कमी होत नाही.

मराठी कीर्तन मात्र तेथे रुजले. रामदासी मठांतून आणि कीर्तनकारांकडून आलेल्या साकी, दिंडी, ओवी, अभंग या चाली तमिळ हरिकथेने उचलल्या आणि त्या अजून ऐकू येतात. खुणा पाहायच्या तर महाशिवरात्रीच्या सुमारास मोठ्या मंदिरात होणारा नृत्योत्सव गाठावा किंवा तिरुवैयारूला जावे (प्रश्न १६).

१५. तंजावरी चित्र किंवा बाहुली घ्यायची आहे. अस्सल कशी ओळखावी?

अस्सल चित्र फणसाच्या किंवा तशाच टिकाऊ लाकडाच्या फळीवर कापड चिकटवून त्यावर केलेले असते. दागिने, कमान आणि आसन यांचा उठाव खडूची भुकटी व डिंक यांच्या लुकणाने करतात, त्यात काचेचे खडे बसवतात आणि वर सोन्याचा वर्ख लावतात. स्वस्त चित्रात प्लायवूड आणि नकली वर्ख असतो, तो काही वर्षांत काळवंडतो. दुकानदाराला वर्ख कोणता हे थेट विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. चित्र डोळ्यांच्या रेषेत तिरके धरून पाहिले की उठावाची सफाई कळते. शेवटी हाताने काढतात ते चेहरे, आणि घाईचे काम तेथेच उघडे पडते.

मान डोलावणाऱ्या आणि पाडली तरी उभ्या राहणाऱ्या बाहुल्या सोबत आणायला सोप्या. चित्रे, बाहुल्या आणि तंजावरी वीणा या तिन्हींना भौगोलिक मानांकन आहे. वीणा मात्र ऐकून आणि समजून घ्यायची वस्तू आहे, शोभेसाठी नेऊ नये.

१६. आसपास काय पाहावे? एका दिवसात किती होते?

उत्तरेला १३ किलोमीटरवर तिरुवैयारू आहे. तेथे कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. सरफोजीराजांचे दरबारी निमंत्रण त्यागराजांनी नाकारले, ही कथा तेथे प्रत्येक जण सांगतो. परतताना मूगडाळीचा अशोका हलवा खावा. पूर्वेला पुन्नैनल्लूरचे मारियम्मन मंदिर शहराला लागूनच आहे. देवीची मूर्ती वारुळाच्या मातीची असल्याने तिला अभिषेक होत नाही, आणि देवळाची परंपरा व्यंकोजीराजांशी जोडलेली आहे.

कुंभकोणमजवळचे दारासुरम आणि त्याहून पुढचे गंगैकोंडचोळपुरम ही दोन्ही चोळ मंदिरे एका दिवसात होतात. २००४ मध्ये त्यांचा समावेश तंजावरच्याच जागतिक वारसा नोंदीत झाला. दारासुरम लहान आहे आणि माझ्या मते अधिक सुंदर आहे. दक्षिणेला समुद्रकाठी मनोरा नावाचा बुरूज आहे. नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ सरफोजीराजांनी तो बांधवला. जाण्यायेण्यातच अर्धा दिवस मोडतो, म्हणून हौस असेल तरच जावे.

१७. शिवगंगा उद्यानाजवळचे चर्च बहुधा बंद असते. तरी जावे का?

१७७९ मध्ये बांधलेले हे चर्च श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखले जाते. सरफोजीराजांचे शिक्षण त्याच्या देखरेखीखाली झाले होते. आत फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने कोरलेली संगमरवरी फलकशिल्पाची स्मृतिशिला आहे: मृत्युशय्येवरचे गुरू आणि त्यांना भेटायला आलेला तरुण राजा. रविवारी प्रार्थनेच्या वेळी गेल्यास दार उघडे मिळण्याची शक्यता अधिक असते.

१८. सांबार तंजावरच्या मराठी राजवाड्यात जन्मले, हे खरे का?

गोष्ट अशी सांगतात की तंजावरच्या पहिल्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीसाठी आमसूल मिळाले नाही, म्हणून चिंच घातली आणि पाहुणे आलेल्या संभाजी महाराजांच्या नावावरून पदार्थाला 'सांबार' म्हटले. संभाजी महाराज तंजावरला जेवायला आल्याचा समकालीन पुरावा नाही, त्यामुळे ही दंतकथा म्हणूनच सांगावी. जेवणातली मराठी खूण हवी असेल तर 'कोसुमल्ली' मागावी. काकडी आणि भिजवलेल्या मूगडाळीची ती आपली कोशिंबीर आहे, नावासकट.

१९. तंजावरात मराठी चालते का?

बाजारात आणि रिक्षात नाही. तेथे तमिळ आणि थोडी इंग्रजी लागते. तंजावरी मराठी बोलणारी घराणी तमिळनाडूत आजही आहेत, पण ती चेन्नईपासून परदेशापर्यंत पांगली आहेत आणि भाषा मुख्यतः घरात टिकून आहे. तमिळ हेलातली ती जुनी मराठी ऐकू आली तर दुरुस्त करायला जाऊ नये. त्यातले काही शब्द आपणच विसरलो आहोत.

२०. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांकडे चाकरीला होते असे घरात सांगतात. तिथे कागद मिळतील का?

मिळू शकतात, पण एका भेटीत नाही. सरस्वती महालातील मोडी दफ्तरात राजवाड्याचा खर्च, नेमणुका, इनामे आणि छत्रांचे, म्हणजे यात्रेकरूंसाठीच्या धर्मशाळांचे, हिशेब यांच्या नोंदी आहेत, आणि त्यांतल्या काही निवडक कागदांचे तमिळ भाषांतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले आहे. कागद पाहण्यासाठी ग्रंथालयाकडे आगाऊ लेखी अर्ज करावा आणि त्यात आडनावापेक्षा पूर्वजाचे नाव, हुद्दा आणि अंदाजे काळ द्यावा. आडनावावरून शोध बहुधा फसतो, कारण नोंदी 'अमुक पंत' किंवा 'तमुक राव' अशाच केलेल्या असतात. वर्षे शक किंवा फसली सनात असतात, तेव्हा इसवी सनाशी मेळ घालणारी जंत्री सोबत ठेवावी. मोडी येत नसेल तर निघण्यापूर्वी पुण्यात किंवा मुंबईत दोन-तीन महिन्यांचा मोडीचा वर्ग करावा. रुमाल सोडून कागद समोर आल्यावर तो दुसऱ्याकडून वाचून घेण्यापेक्षा त्यातले पणजोबांचे नाव स्वतः ओळखण्यात फार वेगळी गंमत आहे.